वकिलीची उमेदवारी



गेल्या वर्षी दहावीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "बाई, वकील व्हावयाचे असेल तर कोणती पुस्तके वाचावी लागतात?" मी कलाशाखेची पदवीधर, कायद्याचे शिक्षण मी घेतलेले नाही. म्हणून मी तोच प्रश्न आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीपुढे ठेवला. ती सध्या कायद्याच्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. ती म्हणाली, "पुस्तके तर वाचावीच लागतात, पण बाई, मला कायदा खरा कळला तो वकिलांच्या कचेरीतील बाकावर बसून." तिच्या या उत्तराचा अर्थ आज तुम्हांस उलगडून सांगावा, असा माझा विचार आहे.

आपल्याकडे 'उमेदवारी' हा फार जुना आणि अर्थपूर्ण शब्द आहे. सोनाराचा मुलगा आधी भट्टी फुंकतो, मग दागिना घडवतो. वैद्यकाचा विद्यार्थी आधी रुग्णालयातील खाटांमधून हिंडतो, मग स्वतःचा दवाखाना थाटतो. वकिलीचेही तसेच आहे. सोनाराच्या चुकीने सोने बिघडते; वकिलाच्या चुकीने मात्र दुसऱ्याचे घर, शेत, प्रसंगी स्वातंत्र्यही जाते. नवशिक्याच्या अज्ञानाची किंमत अशिलाने का मोजावी? म्हणूनच सनद मिळण्यापूर्वीची उमेदवारी महत्त्वाची.

याचे ठळक उदाहरण आपल्या गुजरातनेच जगाला दिले आहे. मोहनदास गांधी १८९१ साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले. पदवी होती, अनुभव नव्हता. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच दाव्यात उलटतपासणीसाठी ते उभे राहिले आणि त्यांना एकही प्रश्न सुचेना. घेतलेले तीस रुपये परत करून ते तेथून निघून गेले. पुढे १८९३ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथे दादा अब्दुल्ला यांच्या दाव्यात त्यांनी जमाखर्चाच्या वह्या समजून घेतल्या, गुजराती पत्रव्यवहाराचे भाषांतर केले आणि अनुभवी वकिलांच्या हाताखाली कागद तयार केले. दाव्यातील हकीकत नीट कळली की तीन-चतुर्थांश कायदा हाती आला, हा धडा त्यांना तेथे मिळाला. अखेर तो तंटा लवादाने मिटला.

स्वतंत्र भारतात १९६१ साली अधिवक्ता अधिनियम झाला. पदवीनंतरच्या प्रशिक्षणाची तरतूद त्यात प्रथम होती. ती १९७३ च्या दुरुस्तीने गेली. पुढे भारतीय विधिज्ञ परिषदेने १९९५ साली एक वर्षाच्या उमेदवारीचा नियम केला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने तो १९९९ साली रद्द ठरविला. त्यामुळे अनुभवाचा भार विद्यार्थिदशेवरच येऊन पडला. परिषदेच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे, तर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवडे उमेदवारी करावी लागते. एका वर्षात ती सलग चार आठवड्यांहून अधिक करता येत नाही. वकील, न्यायाधीश, स्वयंसेवी संस्था, स्थानिक स्वराज्य संस्था, कंपन्या अशा अनेक ठिकाणी ती करता येते. मात्र एकदा तरी वकिलांच्या हाताखाली काम केलेच पाहिजे. याशिवाय विद्यार्थ्याने एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहावयाचा, अशील वकिलाशी कसे बोलतो हे ऐकावयाचे आणि त्याची नोंद रोजनिशीत ठेवावयाची. अभिरूप न्यायालयात युक्तिवाद करावयाचा, तोही याच अभ्यासाचा भाग होय.

आता त्या माजी विद्यार्थिनीची हकीकत ऐका. अशिलाचे नाव-गाव तिने मला सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. अशिलाचे गुपित पोटात ठेवणे, हा उमेदवारीतील पहिला पाठ असतो.

एके दिवशी एक वृद्ध बाई कापडी पिशवीत कागद घेऊन कचेरीत आल्या. राहत्या घराचा दावा होता. समन्स आले होते, पण तो कागद त्यांना वाचता येईना. म्हणून त्यांनी तो देवघरात ठेवून दिला होता. वकिलांनी आमच्या विद्यार्थिनीला कागद तारखेप्रमाणे लावावयास सांगितले. दिवाणी दाव्यात प्रतिवादीने तीस दिवसांत कैफियत द्यावयाची असते, हे तिला पाठ होते. समन्सवरील तारीख पाहून तिने बोटांवर हिशेब केला आणि ती बोलून गेली, "चौतीस दिवस झाले. मुदत संपली." बाईंच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

वकील रागावले नाहीत. त्यांनी बाईंना शांतपणे विचारले, "आजी, हा कागद तुमच्या हातात कधी पडला?" तारीख त्यांना आठवेना, पण त्या म्हणाल्या, "आषाढी एकादशीचा उपास सोडला, त्याच दिवशी बेलिफ आला होता." वकिलांनी भिंतीवरील दिनदर्शिका काढून दिवस मोजले. चोवीस भरले. मुदत मोजावयाची ती समन्स हाती पडल्यापासून, कागदावरील तारखेपासून नव्हे! सहा दिवस शिल्लक होते. (योग्य कारण असल्यास न्यायालय ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते, हेही वकिलांनी नंतर सांगितले.) कैफियत वेळेत दाखल झाली. विद्यार्थिनीने रोजनिशीत एवढेच लिहिले: "नियम मला येत होता. प्रश्न विचारावयाचा राहिला."

या प्रसंगात भाषेचाही भाग आहे. माझ्या घरी कोकणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती. बडोद्यातील पुष्कळ घरांची हीच स्थिती आहे. अशील आपले दुःख घरच्या बोलीत सांगतो. वकिलाला ते कायद्याच्या भाषेत मांडावे लागते. ही अडचण जाणूनच महाराज सयाजीरावांनी 'श्री सयाजी शासन कल्पतरु' हा अनेक भाषांचा राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला. तो १९३१ साली प्रसिद्ध झाला. सुरसागराजवळील १८९६ साली उघडलेली न्यायमंदिराची इमारतही त्यांच्याच कारकिर्दीतील. न्यायालये २०१८ साली तेथून नव्या संकुलात गेली. पण वास्तू बदलली तरी कागदांची पिशवी सांभाळीत बाकावर बसलेला अशील बदललेला नाही.

ज्यांच्या घराण्यात कोणी वकील नाही, त्यांना कचेरीत जागा कोण देणार, ही शंका रास्त आहे. त्यांच्यासाठी एक मार्ग मोफत विधी सेवेचा आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ साली संमत झाला आणि १९९५ पासून अमलात आला. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कैदेतील माणसे यांना त्यानुसार वकील मोफत मिळतो. कायद्याच्या विद्यार्थ्याला सनद मिळेपर्यंत तेथे विधी स्वयंसेवक म्हणून काम करता येते, आणि महाविद्यालयांतून विधी सेवा केंद्रेही चालविली जातात. गरिबाला साहाय्य आणि विद्यार्थ्याला अनुभव, असा हा दुहेरी लाभ आहे.

तेव्हा, ज्या विद्यार्थ्याने मला प्रश्न विचारला त्याला माझे उत्तर असे: पुस्तके पुढे मिळतीलच. आज तू आजोबांची जुनी गोष्ट मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकावयास शीक. घरी आलेल्या प्रत्येक सरकारी कागदावर तो कोणत्या दिवशी हाती आला, ते लिहून ठेव. शेजाऱ्याला वाचता न येणारा कागद त्याला वाचून दाखव आणि त्यातील मजकूर दुसऱ्या कोणाला सांगू नकोस. एवढे साधले, तर तुझी उमेदवारी आजच सुरू झाली असे समज.