आईचं ताट, बाळाचं वजन – भाग ४ : डोहाळजेवणाच्या आधी

दातिवऱ्यापासून वर केळवे-माहीमपर्यंत आणि आत सफाळ्यापर्यंत, गरोदर बाईच्या खाण्याकडे घरातल्या सगळ्यांचं लक्ष वळतं ते सातव्या महिन्यात. डोहाळजेवण होतं, माहेरचे डबे येऊ लागतात, शेजारीण आवडीचं काहीतरी आणून देते. बाळंत झाली की डिंकाचे लाडू, अळीव, खारीक-खोबरं. यातला जिव्हाळा मोलाचा आहे आणि तो टिकावा असंच मला वाटतं. पण पुण्यात आणि मुंबईत गेल्या तीसेक वर्षांत झालेलं संशोधन वाचल्यावर एक गोष्ट सतत बोचते: आपण ताट वाढायला फार उशीर करतो.

मागच्या भागात आपण गरोदरपणात वाढणाऱ्या साधारण साडेबारा किलोंचा हिशेब मांडला होता. बाळ तीन किलोंच्या आसपास, वार अर्धा-पाऊण किलो, गर्भजल, वाढलेलं गर्भाशय, सव्वा ते दीड किलो जादा रक्त, आणि उरलेलं अंगातलं पाणी व चरबी. हा हिशेब ज्या आकड्यापासून सुरू होतो, म्हणजे दिवस जाण्याआधीचं आईचं वजन, त्याबद्दल आजचा भाग आहे.

१९९०च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनचे संशोधक त्यांच्यासोबत होते. या कामाचं वेगळेपण असं, की बाई गरोदर राहण्याच्या आधीपासून तिचं वजन-उंची मोजली जात होती. म्हणून त्यांच्याकडे तो पहिला आकडा होता, जो आपल्या दवाखान्यांत जवळजवळ कधीच नसतो. सरासरी वजन ४२ किलोंना थोडं कमी, उंची १५२ सेंटीमीटर. बाळांचं सरासरी वजन २ किलो ६६५ ग्रॅम. अडीच किलोंच्या खालच्या बाळाला आपण कमी वजनाचं म्हणतो. या गावांत चारातल्या एकाहून जास्त बाळं त्या रेषेखाली होती.

पुढे प्रत्येकीच्या खाण्याची बारकाईने नोंद झाली. रोजचा आहार सतराशे-अठराशे कॅलरींच्या आसपास आणि प्रथिनं ४५ ग्रॅम. कष्टाच्या बाईला हे कमीच. तरीही एकूण किती कॅलरी, किती प्रथिनं यावरून बाळाच्या आकाराचा अंदाज बांधता येईना. तो बांधता आला ताटातल्या तीन गोष्टींवरून: हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध. ज्या बायका हे अधिक वेळा खात, त्यांची बाळं जन्मतः मोठी होती. पालेभाजीचा हा संबंध सगळ्यात हडकुळ्या, म्हणजे ४० किलोंखालच्या बायकांत अधिक ठळक दिसला. भाकरी आणखी एक वाढली म्हणजे झालं, या समजुतीला इथे पहिला धक्का बसतो.

दुसरी नोंद कामाची. पाणी भरणं, शेतातली निंदणी-कापणी, ओझी वाहणं हे सगळं मोजलं गेलं, आणि ज्यांच्या अंगावर कामाचा बोजा जास्त त्यांची बाळं लहान निघाली. आपल्याकडे पोट दिसू लागलं तरी हंडा आणि मासळीची पाटी डोक्यावरून उतरत नाही. बाळाच्या पोषणाचा विचार करताना हा खर्चाचा रकाना कुणी भरत नाही. घरातल्या पुरुषांनी पाणी भरलं, तर तेही पोषणच आहे.

तिसरी गोष्ट याज्ञिकांच्या गटाला जगभर घेऊन गेली. साउदम्प्टनचं बाळ साडेतीन किलोंचं, पुण्याकडचं पावणेतीनलाही टेकत नाही. पण मोजमापं बारकाईने पाहिली तर पोट आणि स्नायू यांत आपलं बाळ फार मागे होतं, कातडीखालच्या चरबीत मात्र त्या मानाने फारसं मागे नव्हतं. म्हणजे दिसायला किरकोळ आणि आतून चरबी राखून असलेलं बाळ. मोठेपणी अशा शरीराला मधुमेह लवकर गाठतो. चाळिशीत दिसणाऱ्या साखरेची काही मुळं अशी आईच्या पोटातल्या दिवसांत सापडतात.

याच मुलांच्या मातांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश जणींच्या रक्तात जीवनसत्त्व बी-१२ कमी होतं. सहाव्या वर्षी मुलं तपासली, तेव्हा ज्यांच्या आईच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्या मुलांत इन्सुलिनला शरीर नीट दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक आढळलं. हे वाचून कुणी फॉलिक ॲसिडची गोळी बंद करू नये. बाळाच्या मज्जारज्जूसाठी ती हवीच. जोडीला बी-१२ही हवं, एवढाच याचा अर्थ.

आता मुंबई. निरीक्षणातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. पालेभाजी आणि दूध परवडणाऱ्या घरात इतरही सुखसोयी असतात. म्हणून डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ या काळात थेट प्रयोग केला. ‘सरस’ या नावाने तो ओळखला जातो. साडेसहा हजार विवाहित स्त्रिया चिठ्ठी टाकल्यासारख्या दोन गटांत वाटल्या. एका गटाला रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला समोशा-भजीसारखा पदार्थ. दुसऱ्या गटाला तसाच दिसणारा, पण बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. पदार्थ घरी न्यायचा नाही. केंद्रात येऊन समोर बसून खायचा, आणि कोणी किती खाल्ला याची नोंद व्हायची. घरी नेलेला घास मुलांच्या आणि नवऱ्याच्या ताटात जातो हे आपल्या बायकांना ओळखणाऱ्या माणसालाच सुचेल. या प्रयोगातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

निकाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या बायका एकत्र धरल्या तर बाळाच्या वजनात फरक फक्त २६ ग्रॅमचा, म्हणजे नसल्यात जमा. पण ज्यांनी दिवस जाण्याच्या निदान तीन महिने आधी खायला सुरुवात केली होती, त्यांच्यात फरक ४८ ग्रॅमवर गेला. आणि आईच्या आधीच्या वजनानुसार तीन भाग केले तेव्हा चित्र आणखी उघडलं. अंगाने बऱ्या असलेल्या बायकांत ९६ ग्रॅमची वाढ, मधल्यांत ३४, आणि सगळ्यात कृश बायकांत काहीच वाढ नाही.

ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याच बाळांना लाभ दिसला नाही. पुण्याच्या नोंदींशी हे जुळत नाही आणि शास्त्रज्ञ त्यावर आजही विचार करताहेत. एक शक्यता अशी, की उपाशी शरीर मिळालेलं अन्न आधी स्वतःची तूट भरायला वापरतं आणि बाळापर्यंत पोचवायला त्याच्याकडे उरत नाही. मला हे स्पष्टीकरण पटतं. वर्षानुवर्षांची तूट रोजच्या एका पदार्थाने काही महिन्यांत भरेल, अशी अपेक्षा धरणंच चुकीचं आहे.

या प्रयोगात आणखी एक गोष्ट हाती लागली. पालेभाजी-फळं-दुधाच्या गटात गरोदरपणातला मधुमेह ७.३ टक्के बायकांना झाला, दुसऱ्या गटात १२.४ टक्के. बोईसर-तारापूरच्या कारखानदारीच्या पट्ट्यात, जिथे बसून काम, वडापाव आणि बिस्किटं यांवर दिवस निघतो, तिथे हा आकडा वजनाच्या ग्रॅमांपेक्षाही महत्त्वाचा ठरावा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे २१ टक्के स्त्रिया उंचीच्या मानाने कमी वजनाच्या, तर २३ टक्के जादा वजनाच्या होत्या. दोन्ही टोकं एकाच जिल्ह्यात, कधी एकाच घरात असतात.

सरकारी योजनांचं वेळापत्रक पाहा. आदिवासी भागासाठी २०१५ पासून सुरू असलेली अमृत आहार योजना बाईला अंगणवाडीत रोज ताजं जेवण देते, तेही तिथेच बसवून. जव्हार-मोखाड्याने बालमृत्यूंचे जे दिवस पाहिले आहेत, त्यानंतर अशी योजना येणं फार मोठी गोष्ट आहे. पण हे जेवण गरोदर आणि स्तनदा मातांना मिळतं. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून. बाळाचा मज्जारज्जू मात्र पहिल्या चार आठवड्यांतच मिटून तयार होतो, जेव्हा बऱ्याच जणींना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. लग्न झालेल्या, पण अजून गरोदर नसलेल्या मुलीचं नाव पोषणाच्या कुठल्याच ताटावर लिहिलेलं नसतं.

दातिवऱ्याजवळ त्यावर हातातलं उत्तर आहे. पुण्याच्या गावांत जे बी-१२ कमी पडलं, ते मासळीत असतं. बोंबील, मांदेली, जवळा यांत प्रथिनंही भरपूर. मासळी सुकवली म्हणून बी-१२ नाहीसं होत नाही. त्यामुळे जून-जुलैच्या मासेमारी बंदीत सुके बोंबील आणि जवळा उपयोगी पडतात, फक्त खारवलेले असतील तर धुऊन घ्यावेत. मोठी मुशी गरोदरपणात टाळावी, कारण मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. वाडीत शेवगा, माठ, अळू, केळी आहेतच. पालेभाजीतलं लोह अंगी लागावं म्हणून वर लिंबू पिळावं आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. अडचण पदार्थांची नसते, वाटणीची असते. मासळीचा मधला तुकडा कोणाच्या ताटात जातो, सून जेवायला कधी बसते, तेव्हा टोपात काय उरलेलं असतं, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारावं.

एक समजूत अजून मुळातून जात नाही: कमी खाल्लं तर बाळ लहान राहतं आणि सुटका सोपी होते. अशाने बाळंतपण सोपं होण्याची खात्री मिळत नाही. बाळाचं वजन मात्र जातं. आणि आपली माणसंच लहान चणीची, हेही पूर्ण खरं नाही. बाळाच्या वाढीचे आंतरराष्ट्रीय मापदंड ठरवायला जगातली आठ ठिकाणं निवडली होती, त्यांत ऑक्सफर्ड, सिएटल यांच्या बरोबरीने आपलं नागपूर होतं. निरोगी, चांगलं खाणाऱ्या नागपूरच्या मातांच्या पोटात बाळांची डोकी आणि जन्माच्या वेळची लांबी इतर ठिकाणच्या बाळांसारखीच वाढली, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं.

म्हणून घरात नवी सून आली असेल किंवा लेकीचं लग्न ठरलं असेल, तर एवढं करा. अंगणवाडीच्या काट्यावर तिचं वजन आणि उंची मोजून घ्या आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा. १५० सेंटीमीटर उंचीला ४२ किलोंच्या खाली वजन असेल, तर दिवस जाण्याची घाई करू नका; आधी तिचं ताट आणि तिची विश्रांती बघा. हिमोग्लोबिन तपासा, फॉलिक ॲसिड किमान महिनाभर आधी सुरू करण्याबद्दल आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारा. आणि पुढे माता-बाल संरक्षण कार्ड हाती येईल, तेव्हा वहीतलं ते वजन पहिल्या पानावर लिहायला सांगा. नऊ महिन्यांत किती किलो वाढायला हवेत हे त्या आकड्यावरच ठरतं. ते कोष्टक पुढच्या आठवड्यात.