मानेसरचा पिनकोड आणि दोन समोसे

आई नाशिकहून पत्र पाठवते तेव्हा पाकिटावर सगळ्यात शेवटी लिहिते : मानेसर, १२२०५१. एका रविवारी मी खोलीतल्या मित्राशी दोन समोशांची पैज लावली. म्हटलं, एवढ्या मोठ्या संख्येला कशाचा ना कशाचा भाग जाणारच. आमच्या नाशिकच्या ४२२००१ च्या अंकांची बेरीज ९ येते, म्हणजे ९ ने सरळ भाग. मग मानेसरनेच काय घोडं मारलंय?

पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून जिल्हा (१२२ म्हणजे गुरुग्राम), शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. भाग जातो की नाही याचा त्यात काहीच संबंध नाही, म्हणून तपासून पाहण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

संख्या विषम, शेवटी ० किंवा ५ नाही, अंकांची बेरीज ११. म्हणजे २, ५ आणि ३ बाद. पुढच्या तिघांना एकदमच गाठता येतं, कारण ७ × ११ × १३ = १००१. आपली संख्या १२२ × १००१ मधून ७१ वजा केले की मिळते. ७१ ला ७, ११, १३ यांपैकी कुणाचाच भाग जात नाही, मग १२२०५१ लाही जाणार नाही. ही युक्ती मला फार आवडते. सहा अंकी संख्येचे डावे तीन आणि उजवे तीन अंक घ्या, वजाबाकी करा, झालं.

पण थांबायचं कुठे? ३५० × ३५० = १,२२,५००. दोन्ही विभाजक ३५० किंवा त्याहून मोठे असते तर गुणाकार आपल्या संख्येच्या पुढे गेला असता. म्हणून धाकटा विभाजक ३५० च्या आतच हवा. तिथपर्यंत मूळ संख्या ७०. मधल्या ६, १५ वगैरेंची गरज नाही. ६ चा भाग गेला असता तर २ चा आधीच गेला असता.

सहा झाल्या, उरल्या चौसष्ट. १२७ ला मी ओरडलो, "सापडला! १२७ गुणिले ९६१!" मित्राने पुस्तकातून मान वर न काढता विचारलं, "सात एके किती?" सात. मग गुणाकाराच्या शेवटी १ कसा येईल? खरा गुणाकार १,२२,०४७, बाकी ४. हातच्याचा घोळ.

शेवटच्या ३४९ ला बाकी २५० उरली. १२२०५१ मूळ संख्या निघाली. समोसे मी आणले.

बाबांच्या पत्त्यातला पिन ९ ने सुरू होतो. तो विभाग सैन्याच्या टपालाचा, त्यात गावाचं नाव नसतं. तो आकडा इथे छापत नाही. ३ ने भाग जातो, एवढंच सांगतो.