वादळ नेमके कुठे येणार?

२०२० सालच्या मे महिन्याची अखेर. टाळेबंदीमुळे शाळा बंद होत्या आणि कर्वेनगरात राहणारे आम्ही काही शिक्षक फोनवरच एकमेकांना भेटत होतो. ३१ मे रोजी हवामान खात्याकडून बातमी आली. लक्षद्वीपजवळ अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले असून ३ जूनच्या सुमारास ते उत्तर महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्याजवळ पोहोचेल, असे तिच्यात म्हटले होते. आम्ही किनारपट्टीचा एक कोरा नकाशा काढला आणि रोजच्या बातमीपत्रातील अंदाज त्यावर पेन्सिलीने नोंदवायचे ठरवले.

१ जूनला अंदाज थोडा नेमका झाला. ३ जूनला वादळ हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान किनारा ओलांडेल, असे सांगण्यात आले. नकाशावर पट्टी ठेवली तर हे अंतर अडीचशे किलोमीटरहून जास्त भरते. २ जूनला त्यात ‘अलिबागजवळ’ असे शब्द आले. त्याच दिवशी वादळाला ‘निसर्ग’ हे नाव मिळाले. ३ जूनच्या दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. मुंबई बरीचशी बचावली. श्रीवर्धन, मुरूड, दापोली येथील नारळी-पोफळीच्या बागा मात्र आडव्या झाल्या. पुण्यातही झाडे पडली.

दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी एकाने विचारले, “मुंबईला एवढी घबराट केली आणि तिथे फारसे काहीच झाले नाही. मग अंदाज चुकलाच ना?” प्रश्न सरळ होता, पण त्याचे उत्तर देताना आम्हाला बराच अभ्यास करावा लागला. तोच येथे मांडत आहोत.

हवेचे गणित

आजचे अंदाज प्रामुख्याने संगणकावरील प्रतिमानांवरून केले जातात. बोलताना सगळे त्यांना ‘मॉडेल’ म्हणतात. मॉडेल म्हणजे हवेला लागू पडणाऱ्या भौतिकीच्या नियमांचा एक संच. दाबातील फरकामुळे वारा वाहतो, हवा वर गेली की थंड होते, बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते. हे सारे आपण शाळेत शिकवतो. हेच नियम समीकरणांत मांडायचे, आत्ताची स्थिती त्यांत भरायची आणि काही मिनिटांनंतरची स्थिती काढायची. आलेले उत्तर पुन्हा समीकरणांत भरायचे आणि आणखी काही मिनिटे पुढे जायचे. असे करत करत दहा दिवसांपर्यंत पोहोचायचे.

ही कल्पना जुनी आहे. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात सहा तासांचा अंदाज हाताने गणित करून काढला. त्याच्या उत्तरात हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबारने वाढला होता. प्रत्यक्षात तो जवळजवळ बदललाच नव्हता! रिचर्डसनने ही फजिती न लपवता १९२२ साली पुस्तकात छापली. साऱ्या पृथ्वीच्या हवामानाशी बरोबरी राखायची तर ६४,००० माणसे एकाच वेळी आकडेमोड करत बसावी लागतील, असेही त्याने लिहिले. १९५० साली अमेरिकेत एनिॲक या संगणकावर चोवीस तासांचा अंदाज काढला गेला, तेव्हा गणितालाही सुमारे चोवीस तासच लागले. आज हेच काम काही तासांत होते आणि त्यातला मोठा वाटा आपल्या पुण्यात आहे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्युष’ आणि २०२४ साली ‘अर्क’ हे महासंगणक आले.

एका चौकोनात मावलेले पुणे

संगणक झाला तरी तो हवेच्या प्रत्येक कणाचा हिशेब ठेवू शकत नाही. म्हणून पृथ्वीवर चौकोनांची जाळी टाकली आहे अशी कल्पना करतात आणि प्रत्येक चौकोनासाठी दाब, तापमान, बाष्प व वारा यांचा एकेक आकडा धरतात. चौकोनाच्या वर हवेचे अनेक थर असतात, त्यांचे आकडे वेगळे.

भारतात २०१८ पासून वापरलेल्या जागतिक मॉडेलचे चौकोन सुमारे १२ किलोमीटरचे होते. कर्वेनगरपासून येरवड्यापर्यंतचे पुणे अशा एकाच चौकोनात बसू शकते. पृथ्वीचे क्षेत्रफळ सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर आहे. त्याला १४४ ने भागले की सुमारे ३५ लाख चौकोन होतात. मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ हे ६ किलोमीटरचे मॉडेल सुरू झाले. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, शिवाय वेळेची पावलेही लहान टाकावी लागतात. म्हणजे काम जवळपास आठपट वाढते. महासंगणक का लागतात, ते यावरून ध्यानात येईल.

आपल्या भागात चौकोनाच्या आकाराला फार महत्त्व आहे. ताम्हिणी घाट कर्वेनगरपासून सरळ रेषेत जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटरवर, पण तिथला पाऊस इथल्या पावसाच्या कित्येक पट असतो. सह्याद्रीची धार चौकोनांच्या सरासरीत बोथट झाली, तर पावसाचे गणितही बिघडते.

हजारातला एक फरक

चौकोन कितीही लहान केले तरी एक अडचण उरतेच. आत्ताची स्थिती आपल्याला पूर्ण अचूक कधीच ठाऊक नसते. जगभर ठरलेल्या वेळी फुगे सोडतात. आपल्याकडे पहाटे व संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. उपग्रह, रडार, जहाजे, विमाने यांच्याकडूनही आकडे येतात. तरीही अथांग समुद्रावर नोंदी विरळच असतात, आणि वादळे तर तिथेच जन्मतात.

सुरुवातीच्या लहान चुकीचे पुढे काय होते, हे एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९६१ साली अचानक दिसले. जुने गणित पुन्हा चालवताना त्याने ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला. थोड्या वेळाने संगणकाच्या हवेने अगदीच वेगळी वाट धरली होती.

हा अनुभव साध्या गणकयंत्रावर वर्गातही घेता येतो. एक संख्या घ्या. एकातून ती वजा करा, आलेल्या उत्तराला मूळ संख्येने गुणा आणि मग चारने गुणा. आलेली संख्या घेऊन पुन्हा तेच करा. एका गटाने ०.३०० पासून सुरुवात करावी, दुसऱ्याने ०.३०१ पासून. पहिल्या पायरीनंतर उत्तरे ०.८४० आणि ०.८४२ येतात, जवळजवळ सारखीच. पाचव्या पायरीला ०.०८८ आणि ०.०६९. आठव्या पायरीला ०.४४८ आणि ०.७१९. दहाव्या पायरीला ०.०४३ आणि ०.६२०! नियम एकच होता आणि आकडेमोडही बिनचूक होती. तरीही सुरुवातीचा हजारातला एक फरक दहा पायऱ्यांत सारे चित्र बदलून गेला. दहा दिवसांनंतरच्या नकाशावर वादळाचा ठिपका दिसला की या दहाव्या पायरीची आठवण ठेवावी.

एकाऐवजी अनेक अंदाज

मग अंदाज करणे सोडून द्यायचे का? शास्त्रज्ञांनी वेगळा मार्ग काढला. सुरुवातीच्या आकड्यांत मुद्दाम लहान लहान फरक करून तेच मॉडेल अनेकदा चालवायचे. युरोपीय केंद्राने हे १९९२ साली नेमाने सुरू केले. भारतात २०१८ साली सुरू झालेल्या १२ किलोमीटरच्या पद्धतीत असे २१ अंदाज एकत्र काढले जात.

समजा, २१ पैकी १९ अंदाजांत वादळाच्या वाटा रायगडच्या किनाऱ्याकडे एकवटल्या, तर भरवसा वाढतो. आठ वाटा ओमानकडे, सात गुजरातकडे आणि सहा कोकणाकडे गेल्या, तर ‘अजून ठरलेले नाही’ हेच त्या दिवशीचे खरे उत्तर होय. बातमीपत्रातील नकाशावर वादळाच्या वाटेभोवती रुंदावत जाणारा शंकू काढलेला असतो, तो ही अनिश्चितताच दाखवतो. बरेच लोक फक्त मधली रेघ पाहतात. पाहायचा असतो तो शंकू.

म्हणून मॉडेलवर नजर ठेवणाऱ्याने रोज तीन प्रश्न विचारावेत. कालच्या आणि आजच्या अंदाजात फरक किती? वेगवेगळ्या केंद्रांची मॉडेले एकमेकांच्या जवळ येत आहेत का? आणि शंकू अरुंद होतो आहे का? कुठला तरी एकच भयंकर नकाशा उचलून तो सगळीकडे पाठवणे म्हणजे २१ साक्षीदारांपैकी सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्याचेच ऐकण्यासारखे आहे.

न्यूयॉर्कचे बर्फ

ही अडचण फक्त आपलीच नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, जिथे आज अनेक मराठी कुटुंबे राहतात, हिवाळ्यात हिमवादळे येतात. जानेवारी २०१५ मध्ये तेथील हवामान खात्याने न्यूयॉर्क शहरात दोन फूट वा त्याहून जास्त बर्फ पडेल, असा इशारा दिला. युरोपीय मॉडेल भरपूर बर्फ दाखवत होते, अमेरिकन मॉडेल त्यामानाने कमी. शहरातील भुयारी रेल्वे बर्फासाठी प्रथमच बंद ठेवण्यात आली. प्रत्यक्षात वादळ थोडे पूर्वेला राहिले आणि सेंट्रल पार्कमध्ये ९.८ इंच बर्फ पडले. लोक चिडले. न्यू जर्सीतील एका हवामान अधिकाऱ्याने तर जाहीर माफी मागितली. मात्र त्याच वादळाने बॉस्टनमध्ये दोन फुटांहून अधिक बर्फ टाकले होते. वादळाचे अस्तित्व, दिवस, जोर हे सारे बरोबर होते. त्याची कड तेवढी सरकली होती.

मग ‘निसर्ग’चा अंदाज चुकला का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अलीकडच्या वर्षांत आपल्याकडे चोवीस तास आधी केलेल्या अंदाजात वादळाच्या वाटेची सरासरी चूक ८० किलोमीटरच्या आसपास असते. तीन दिवस आधी ती साधारण दुप्पट. आता नकाशावर मुंबई ते श्रीवर्धन अंतर मोजा. ते सुमारे १०० किलोमीटर भरते. म्हणजे २ जूनच्या दुपारी मुंबई आणि श्रीवर्धन यांतील फरक अंदाजाच्या नेहमीच्या चुकीएवढाच होता. त्या दिवशी ‘मुंबई सुटली’ असे प्रामाणिकपणे कोणालाही म्हणता आले नसते.

आणि तयारी तर त्याच दिवशी करायची होती. किनाऱ्यावरील हजारो लोकांना हलवायचे होते. वांद्रे-कुर्ला संकुलातील तात्पुरत्या रुग्णालयातून कोविडच्या रुग्णांनाही दुसरीकडे नेण्यात आले. सर्व मॉडेलांचे एकमत होईपर्यंत थांबले असते, तर वारा सुटल्यावर माणसे हलवावी लागली असती. अंदाज पक्का होत जातो तसतसा हातातला वेळ कमी होतो. निर्णय घेणाऱ्याची खरी अडचण हीच आहे. मुंबईत वाया गेलेली वाटली ती खबरदारी श्रीवर्धनला जीव वाचवणारी होती. आणि बचावलो म्हणून आपण सुटकेचा श्वास सोडला, तेव्हा तिथल्या बागाइतदाराची पोफळ पडली होती. ती पुन्हा उभी राहून फळ धरायला कित्येक वर्षे लागतात.

आम्हा कर्वेनगरवासीयांना हा धडा मुठेच्या काठावर पुन्हा मिळाला. २५ जुलै २०२४ रोजी घाटात आणि धरणक्षेत्रात अतिवृष्टी झाली, खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडावे लागले आणि आमच्या पलीकडच्या तीरावर, सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले. आपल्या डोक्यावर किती पाऊस पडतो आहे, एवढेच पाहून नदीकाठी चालत नाही. घाटासाठी कोणता इशारा आहे तेही पाहावे लागते.

वर्गात करून पाहण्यासारखे

पुढच्या पावसाळ्यात, किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या वादळी दिवसांत, विद्यार्थ्यांना एक वही घालायला सांगा. समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र झाल्याची बातमी आली की रोज ठरावीक वेळी हवामान खात्याचे बातमीपत्र वाचायचे आणि तारीख, वादळाचे ठिकाण, किनारा ओलांडण्याची अपेक्षित जागा व वेळ लिहून ठेवायची. वादळ गेल्यावर प्रत्येक दिवसाच्या अंदाजातील चूक किलोमीटरमध्ये मोजून आलेख काढायचा. तो सहसा उतरता दिसेल. का, ते मुलांनाच सांगू द्या.

दुसरा प्रयोग पावसाचा. शाळेच्या गच्चीवर साधे पर्जन्यमापक ठेवा आणि रोजची नोंद शिवाजीनगर वेधशाळेच्या आकड्याशी ताडून पाहा. कर्वेनगरपासून ती पाच-सहा किलोमीटरवरच आहे. दोन्ही आकडे किती वेळा जुळत नाहीत, हे पाहून मुले चकित होतील. ‘पावसाची शक्यता ७० टक्के’ असे जेव्हा जेव्हा सांगितले जाईल, ते दिवस वेगळे नोंदवा. असे पुष्कळ दिवस जमले की त्यांतील दर दहापैकी सुमारे सात दिवशी पाऊस झालेला असावा. उरलेल्या तीन दिवशी अंदाज चुकला असे म्हणायचे का, यावर वर्गात चर्चा घ्या.

३१ मे ते ३ जूनचा आमचा तो नकाशा आम्ही अजून जपून ठेवला आहे. त्यावर पहिल्या दिवशीचा पट्टा जवळपास हाताच्या पंजाएवढा रुंद आहे आणि शेवटचा बोटाएवढा. श्रीवर्धन त्या बोटाच्या टोकाखाली येते.