गुलदार तळाशी गेल्यावर

'गुलदार'ची बातमी आता सगळ्यांची वाचून झाली आहे. नौदलातून निवृत्त झालेली युद्धनौका पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात आली. निवतीजवळच्या समुद्रात तिला तळाशी बसवायचं, तिथे पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती उभी करायची, केंद्राकडून त्यासाठी सुमारे ४७ कोटी रुपये, हे सिंधुदुर्गात पोराटोरांनाही पाठ आहे. या बातमीसोबत छापून येणाऱ्या चित्रांत पाणी निळंशार असतं आणि जहाजाच्या कठड्यावर पोवळी बहरलेली असतात. मला मात्र त्या चित्रांपेक्षा एक आकडा महत्त्वाचा वाटतो. जहाज बसणार आहे ते साधारण २० मीटर खोलीवर.

पाठीवर सिलिंडर बांधून जो एकदा खाली गेला आहे, त्याला हा आकडा खूप काही सांगून जातो. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. २० मीटरवर तो किनाऱ्याच्या तिप्पट होतो, त्यामुळे सिलिंडरमधली हवा तिप्पट वेगाने संपते आणि रक्तात नायट्रोजन जास्त मुरतो. वर येताना घाई केली तर हाच नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि माणूस कायमचा अधू होऊ शकतो. म्हणून सावकाश वर यायचं, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं आणि काहीही झालं तरी श्वास रोखून धरायचा नाही. जगभर खोलीच्या पायऱ्या ठरल्या आहेत त्या याच कारणाने. कोर्स न करता प्रशिक्षकाबरोबर उतरणाऱ्याला १२ मीटर, 'ओपन वॉटर' प्रमाणपत्र असलेल्याला १८, 'ॲडव्हान्स्ड' केलेल्याला ३०. दिवाळीच्या सुट्टीत मालवणला होड्या भरभरून जे 'स्कूबा' होतं, ते पहिल्या पायरीच्याही बरंच अलीकडचं आहे. चार-पाच मीटर पाणी, मागून सिलिंडर धरून ठेवलेला गाइड, आणि दहा-पंधरा मिनिटांचा व्हिडिओ.

म्हणजे मालवणच्या गर्दीतल्या बहुतेकांना गुलदारच्या तळापर्यंत जाता येणार नाही, आणि जाऊही नये. जहाजाचा वरचा भाग उथळ पाण्यात येईल, तिथवर काही जण पोचतील. पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या खडकांवरचा भार गुलदार उचलेल, असं जे गृहीत धरलं जातंय, ते या आकड्यापाशीच अडतं. ही चिंता मी पुढे पुन्हा मांडणार आहे. त्याआधी पोवळ्यांकडे वळू.

प्रवाळ हा प्राणी. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, ते सूर्यप्रकाशावर अन्न बनवतं आणि घरमालकाला त्यातला मोठा वाटा देतं. खडक बांधणारं दगडी प्रवाळ या भागीदारीवरच जगतं. प्रकाश कमी झाला की ते रोडावतं. मालवणचं प्रवाळ किल्ल्याच्या अवतीभवती उथळ पाण्यात आहे, कारण कोकणच्या किनारी पाण्यात गाळ असतो, नद्या-खाड्यांचं गढूळ पाणी मिसळतं आणि ऊन फार खोल जात नाही. याउलट विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरवर, भर समुद्रात आंग्रिया बँक आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाचा हा बुडालेला पठारी भाग सुमारे ४० किलोमीटर लांब आहे, आणि त्याचा माथाच मुळी २० मीटर पाण्याखाली. तरीही तिथे भरगच्च प्रवाळ आहे, कारण किनाऱ्याचा गाळ तिथवर पोचत नाही. खोली तीच, पण पाणी वेगळं, म्हणून जगही वेगळं. २०१९ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांचं पथक तिथे जाऊन आलं, तेव्हा महाराष्ट्राला आपल्याकडे असं काही आहे याचा नव्याने शोध लागला. माझ्या मते या राज्याचा पाण्याखालचा सर्वात मोठा ठेवा तोच आहे आणि त्याच्याविषयी आपण फारच कमी बोलतो.

निवतीचा समुद्र या दोहोंच्या मधला, आणि मालवणच्या बाजूला जास्त झुकलेला. त्यामुळे गुलदारवर पहिल्या काही वर्षांत दगडी पोवळ्यांची बाग फुलेल ही अपेक्षा मी ठेवणार नाही. पत्र्यावर आधी जिवाणूंचा बुळबुळीत थर बसेल, मग बार्नेकल, कालवं, शेवाळ, स्पंज. नंतर मऊ प्रवाळ आणि, सारं जमून आलं तर, केशरी रंगाचं ट्युबास्ट्रिया. त्याला 'सन कोरल' म्हणतात, पण त्याला उन्हाची गरजच नसते. शरीरात शैवाल न बाळगता ते रात्री सोंडा पसरून प्लवक पकडतं, आणि जहाजाच्या सावलीतल्या भिंती त्याला फार मानवतात. टॉर्चच्या उजेडात त्याचे घोस पाहिले की माणूस गप्प होतो. ते दृश्य दगडी प्रवाळापेक्षा कमी सुंदर नाही. फक्त त्याला 'मालवणच्या प्रवाळाची भरपाई' म्हणू नये.

बालीच्या ईशान्य किनाऱ्यावर तुलांबेन नावाचं गाव आहे. बुडालेल्या जहाजाचं काय होऊ शकतं, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. 'लिबर्टी' हे अमेरिकी लष्कराचं मालवाहू जहाज ११ जानेवारी १९४२ रोजी जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने जखमी झालं. ओढत नेताना ते तग धरेना, म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्याला टेकवलं. एकवीस वर्षं ते तिथेच वाळूत गंजत होतं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी उसळला आणि त्या हादऱ्यांनी जहाज घसरून पाण्यात गेलं. आज त्याचा वरचा भाग ५ मीटरवर आहे आणि खालचा जवळपास ३० मीटरवर. किनाऱ्यावरच्या काळ्या गोट्यांवरून चालत जायचं, थोडं पोहायचं, की समोर जहाज. पहाटे लवकर उतरलं तर डोक्याला टेंगूळ असलेले अवजड पोपटमासे सांगाड्यात झोपलेले दिसतात. आजूबाजूच्या काळ्या वाळूतून बागेतल्या रोपांसारखे डोलणारे ईल वर आलेले असतात.

मला तिथे सर्वात आवडते ती पाण्याबाहेरची गोष्ट. गावातल्या बायका सिलिंडर डोक्यावर घेऊन त्या गोट्यांवरून सराईतपणे चालत जातात. जहाजावर गावाचं पोट चालतं, म्हणून जहाज सांभाळायची निकडही गावालाच आहे. या यशामागे दोन गोष्टी आहेत आणि त्या विसरून चालणार नाही. बालीचं पाणी स्वच्छ आहे, आणि लिबर्टीला सहा दशकांहून अधिक काळ मिळाला आहे.

आता गुलदारच्या नात्यातलं एक जहाज. अमेरिकेच्या नौदलाचं 'स्पीगल ग्रोव्ह' हेही सैन्य किनाऱ्यावर उतरवण्याच्या कामाचं, १५५ मीटर लांबीचं. गुलदारची लांबी सुमारे ८४ मीटर. ती पोलंडमध्ये बांधली गेली, १९८५ च्या अखेरीस नौदलात आली, १२ जानेवारी २०२४ ला पोर्ट ब्लेअरला निवृत्त झाली. स्पीगल ग्रोव्ह फ्लोरिडातल्या की लार्गोजवळ बुडवायचं ठरलं. १७ मे २००२ ला ते ठरल्या वेळेआधीच पाणी भरून कलंडलं, उलटं झालं आणि नाळ पाण्याबाहेर राहिली. जूनमध्ये ते ओढून-ताणून कुशीवर पाडलं गेलं. मग जुलै २००५ मध्ये डेनिस चक्रीवादळ आलं आणि त्याच्या लाटांनी त्या प्रचंड जहाजाला तळावरच वळवून सरळ उभं केलं. तिथे पाणी होतं सुमारे ४० मीटर. गुलदारला मिळणार आहे त्याच्या निम्मं. कोकणचा पावसाळा दरवर्षी येतो, आणि खडकांच्या टापूतला जूनचा समुद्र कसा असतो हे निवतीच्या मच्छीमाराला कुणी सांगायला नको. जहाज कोणत्या दिशेला तोंड करून बसवायचं, त्याला किती भार घालायचा, पाणी खेळतं राहावं म्हणून पत्र्याला कुठे भोकं पाडायची, हे ठरवताना त्या मच्छीमारांना टेबलावर बोलावलंच पाहिजे.

स्वच्छतेचाही मुद्दा आहे. जुन्या जहाजात तेल, रंग, तारांची आवरणं, उष्णतारोधक थर असतात. हे सगळं बुडवण्याआधी काढायचं असतं, आणि काय काढलं, काय राहिलं याची यादी लोकांसमोर ठेवायची असते. फ्लोरिडातच १९७० च्या दशकात सुमारे वीस लाख जुने टायर समुद्रात टाकून 'ऑस्बोर्न रीफ' बांधण्याचा घाट घातला होता. बांधलेले पट्टे सुटले, टायर लाटांबरोबर फिरू लागले आणि जवळच्या खऱ्या प्रवाळावर आपटून त्याचाच चुरा करू लागले. ते काढण्याचं काम दशकानुदशकं चाललं. हेतू तिथेही चांगलाच होता.

माशांचा प्रश्न मला या सगळ्यात जास्त जिव्हाळ्याचा वाटतो. बुडालेल्या जहाजाभोवती मासे येणार, हे नक्की. गोब्रे कोनाड्यात बसतील, तांबोशी जमतील, वर बाराकुडा घिरट्या घालतील. पण हे मासे नव्याने वाढले, की आजूबाजूच्या खडकांवरून येऊन फक्त एकत्र जमले? जेम्स बोनसॅक या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये हा प्रश्न नेमकेपणाने मांडला, तेव्हापासून तो वाद चालू आहे. कुडाळच्या आठवडा बाजारात गर्दी झाली म्हणजे तालुक्याची लोकसंख्या वाढली असं कुणी म्हणत नाही. मासे जमवणारी जागा तयार करायची आणि तिच्याभोवती मासेमारीला आवर घालायचा नाही, तर उरलेसुरले मोठे मासे पकडणं सोपं करून दिल्यासारखं होईल. पर्ससीन आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीने पारंपरिक मच्छीमार आधीच गांजला आहे. गुलदारच्या आसपास कुणाला जाळी टाकता येणार, कुणाला नाही, हे जहाज बुडण्याआधी ठरलं पाहिजे, आणि रापण-गिलनेटवाल्यांच्या संमतीने ठरलं पाहिजे. शिवाय जाळी सांगाड्यात अडकली की ती तुटून तिथेच राहते आणि मालक नसताना मासे मारत राहते. ती काढायला प्रशिक्षित डायव्हर लागतात. त्यांचा पगार ४७ कोटींतून निघेल का, हे मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

याच टापूत वेंगुर्ला रॉक्सच्या गुहांत पाकोळ्यांची वस्ती आहे. लाळेने घरटी बांधणारे हे इवलेसे पक्षी घरट्यांच्या तस्करीमुळे एकेकाळी संकटात आले होते आणि चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'च्या कार्यकर्त्यांनी तिथे राबून त्यांना सांभाळलं. होड्यांची वर्दळ वाढेल तेव्हा त्या गुहांपासून किती अंतर ठेवायचं, हेही आताच लिहून ठेवायला हवं.

आणि आता पुन्हा मालवणकडे, कारण माझा जीव तिथे अडकला आहे. १९८७ मध्ये जाहीर झालेलं इथलं सागरी अभयारण्य अवघं २९ चौरस किलोमीटरचं. किल्ल्याजवळच्या पाण्यात मी अनेकदा उतरलो आहे. फोटोसाठी पर्यटकाला प्रवाळावर उभं करतात. माशांनी गर्दी करावी म्हणून पाव चुरून टाकतात. एकाच खडकावर होडीमागून होडी नांगर टाकते. नांगराचा एक ओरखडा म्हणजे पोवळ्याच्या कित्येक वर्षांच्या वाढीचा हिशेब संपला, कारण गोलसर पोराइटिस जातीचं प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये मालवणच्या डायव्हिंगमुळे होणाऱ्या प्रवाळाच्या मोडतोडीवर शोधनिबंधच प्रसिद्ध केला. त्यात वर समुद्र तापतो आहे. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातल्या प्रवाळाच्या चौथ्या मोठ्या विरंजनाची घोषणा झाली. उष्णतेने पांढरं पडलेलं पोवळं सावरू शकतं, पण सावरण्याच्या काळात त्याच्यावर कुणी पाय देता कामा नये.

हा व्यवसाय करणाऱ्या पोरांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. त्यातले कित्येक मच्छीमारांच्या घरातले आहेत, समुद्र त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळतो, आणि तारकर्लीच्या प्रशिक्षण केंद्रातून शिकलेल्यांचं पाण्यातलं वागणं वेगळंच दिसतं. त्यांना हवे आहेत ते नांगराऐवजी होडी बांधायचे कायमचे बोये, एका जागी एका दिवशी किती जण उतरणार याची मर्यादा, आणि ती पाळणाऱ्याला ती मोडणाऱ्यापेक्षा जास्त कमाई. ४७ कोटींच्या मानाने बोयांचा खर्च किरकोळ आहे.

गुलदार हे टँक उतरवणारं जहाज. नाळेची दारं उघडून ते थेट वाळूला लागायचं आणि रणगाडे बाहेर पडायचे. ती दारं उघडी ठेवून जहाज बसवलं, तर पाणी आरपार खेळेल, मासे ये-जा करतील आणि आत शिरलेल्या डायव्हरला समोर उजेड दिसत राहील. जहाज तळाला टेकेल त्या दिवशी त्याचा पत्रा कोरा असेल. मोजणी सुरू करायची ती त्याच दिवशी. मालवण-निवतीच्या डायव्हरांच्या हातात पाटी-पेन्सिल द्यावी, पत्र्याचे ठरावीक चौकोन आखून द्यावेत, आणि त्याच दिवशी, त्याच पाटीवर, किल्ल्याजवळच्या खडकांचेही चौकोन घ्यावेत.