भरतीच्या पोरांसाठी घरची तालीम

चौसाळा भागातली आपली पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यानं धावताना दिसतात. धावायला पैसा लागत नाही. गोळ्याचं तसं नाही. ७.२६० किलोचा गोळा नुसत्या दमावर लांब जात नाही, त्याला खांदा न् मांडी लागते. रोज बीडच्या जिमला जायचं तर फी वेगळी, एस.टी.चं भाडं वेगळं. त्यापेक्षा वजन घरीच करावं.

गोडेतेलाचे ५ लिटरचे दोन सारखे डबे घ्या. फवारणीच्या औषधाचा डबा मात्र फुकट मिळाला तरी नको! एक इंची लोखंडी नळी पाच फूट. तिच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगवाल्याकडून गजाचा आडवा तुकडा लावून घ्यावा, नाहीतर डबा नळीवर फिरतो. एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार बारीक खडी. एक बाजू भरून नळी ओळंब्यात उभी बांधावी, दोन दिवसांनी उलटून दुसरी भरावी. आठवडाभर ओलं पोतं गुंडाळावं आणि तीन आठवडे हात लावू नये. घाई केली की काँक्रीट फुटतं. सगळं मिळून २७-२८ किलो भरतं.

१९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव गावच्या मातीतच घडले.

एवढाही खर्च नको असेल तर खताच्या गोणीत १५ किलो वाळू भरून तोंड शिवावं. खांद्यावर घेऊन बैठका मारायच्या. मोळी वाहणाऱ्याला हे शिकवायला नको. मुलींचा गोळा ४ किलोचा; त्यांनी १० किलोपासून सुरुवात करावी. गोणी एकात एक दोन घ्याव्यात, शिवण उसवते.