खडकी ते खडकी, सायकलवर

पुण्याच्या खडकीत सायकलला हौसेचे वाहन कोणी म्हणत नाही. कारखान्याच्या पाळीला जायचे, कॅरियरला डबा अडकवायचा, पावसात डोक्यावर घोंगता घ्यायचा आणि पेडल मारायचे, ही आमच्या वडिलांच्या पिढीची सायकल. ज्या घरातून असा माणूस तीस वर्षे कामावर गेला, त्या घरातल्या मुलाने पहिल्या पगारातून हप्त्यावर मोटारसायकल आणली की सायकल आधी माळ्यावर जाते आणि मग भंगारात. त्यामुळे 2025 च्या जानेवारीत आम्ही पाच जण सायकलने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला निघणार असे वस्तीत कळले, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांना त्यात कमीपणाच दिसला. "एसटीला पैसे नाहीत का? लोक काय म्हणतील?" हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न पोरीचा. अकरावीत शिकणारी आमची भाची बरोबर येणार होती आणि तिची आजी दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

पाच जण म्हणजे आम्ही नवरा-बायको, भाची, गॅरेजमध्ये काम करणारा शेजारचा तरुण आणि मामा. मामा वस्तीत सगळ्यांचेच मामा. वय एकोणसाठ, कारखान्यातून निवृत्तीला वर्षही उरलेले नाही. त्यांची सायकल बावीस इंची, काळी, दांड्याच्या ब्रेकची. गिअर वगैरे काही नाही. आमच्या दोन सायकली जुन्या बाजारातून घेतलेल्या गिअरच्या, उरलेल्या दोन साध्या.

आम्ही राहतो ते गाव खडकी आणि आम्ही निघालो होतो त्या शहराचे मूळ नावही खडकीच. 1610 मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी या गावी आपली राजधानी वसवली. पुढे त्याच्या मुलाने तिला फतेहनगर म्हटले, औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना 1653 मध्ये ती औरंगाबाद झाली आणि 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर. हा मलिक अंबर जन्माने आफ्रिकेतल्या इथिओपियाचा. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादपर्यंत हातोहात फिरलेला आणि शेवटी दख्खनला आणून विकलेला. बाजारात ज्याची किंमत ठरवली गेली त्याने पुढे शहर उभे केले. हे भाचीने पुस्तकात वाचून आम्हाला सांगितले आणि जायचे कुठे हे त्याच दिवशी ठरले.

पहिल्या दिवशी पहाटे पाचला निघालो. येरवडा, वाघोली मागे टाकून उजाडता उजाडता कोरेगाव भीमाच्या अलीकडे विजयस्तंभापाशी पोहोचलो. एक जानेवारीची लाखोंची गर्दी ओसरलेली, चहाच्या दोन टपऱ्या तेवढ्या उघड्या. प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1 जानेवारी 1927 रोजी येथे आले होते. स्तंभावर 1818 च्या लढाईत पडलेल्यांची नावे आहेत. गर्दीत ती कधी नीट वाचता येत नाहीत. त्या दिवशी भाचीने 'नाक' शेवटी असलेली नावे बोट न लावता एकेक मोजली. आम्ही बिस्किटे खाऊन पुढे निघालो.

शिरूरचा मुक्काम सोपा गेला. दुसऱ्या दिवशी घोड नदीचा पूल ओलांडला की नगर जिल्हा लागतो आणि तिथून खरा प्रवास सुरू होतो. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून वाहतो आणि आपण जातो ईशान्येलाच. समोरचा वारा म्हणजे न दिसणारा चढ. सपाट रस्त्यावरही पेडल जड. गाडीवाल्याला हे कळत नाही. सायकलवाल्याच्या मांड्यांना कळते. मामांनी मोडीत न निघालेली कारखान्याची अक्कल वापरली. एकामागे एक चालायचे, पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा आणि दर अर्ध्या तासाने पुढचा माणूस बदलायचा. भाचीची पाळीही बिनतक्रार लागली.

सुप्याच्या पुढे पाणी संपले. रस्त्याला बाभळी, दोन्हीकडे कोरडवाहू रान. आडबाजूला एक चांगला बांधलेला बंगला दिसला म्हणून आम्ही दोघे बाटल्या घेऊन गेलो. ओट्यावरच्या गृहस्थांनी कुठून आलात विचारले, कौतुक केले, मग आडनाव विचारले. आम्ही सांगितले. त्यावर "आणि मूळ गाव?" तेही सांगितले. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "तिकडं गोठ्यापाशी हौद हाय, त्याची तोटी चालू असंल." त्यांच्या मागे दारात माठ होता. आम्ही बाटल्या रिकाम्याच घेऊन परत आलो. मामांनी काही विचारले नाही. त्यांना चेहऱ्यावरून कळले असावे.

तीनेक किलोमीटरवर रस्त्याकडेच्या रानात ऊसतोड मजुरांच्या कोप्या लागल्या. पुरुष फडात गेलेले. एक बाई लेकराला अंघोळ घालत होती. आम्ही लांबूनच विचारले, "ताई, पाणी मिळंल का?" तिने लेकराला बाजूला केले, हंडा उचलून आणला आणि पाचही बाटल्या भरल्या. हंडा अर्ध्याहून रिकामा झाला. पाणी कुठून आणता म्हणून विचारले तर तिने हात लांबवर, कॅनॉलच्या दिशेने दाखवला. नाव, गाव, आडनाव काही नाही. तिने फक्त भाचीला विचारले, "सायकल तुझीच का गं? बापानं घेऊन दिली?" भाचीने डब्यातली गूळ-शेंगदाण्याची अर्धी पिशवी लेकरापुढे ठेवली.

नगरला, आता ते अहिल्यानगर, संध्याकाळी पोहोचलो. किल्ला बाहेरूनच पाहिला. गोल, जाड, खंदकाचा. 1595 साली मोगलांचा वेढा पडला तेव्हा चांदबिबीने तो लढवला. 1942 ते 1945 या काळात पंडित नेहरू याच किल्ल्यात कैदेत होते. 1600 मध्ये तो मोगलांनी घेतला आणि निजामशाही संपली असेच सगळ्यांना वाटले. ती पुढे पंचवीस वर्षे ज्याने जिवंत ठेवली तो मलिक अंबर. गनिमी काव्याने त्याने मोगलांच्या मोठमोठ्या फौजांना दमवले.

तिसरा दिवस सर्वांत लांबचा, एकशे दहा किलोमीटरच्या वर. इमामपूर घाट उतरताना फुकटचा वेग मिळतो, पण साध्या ब्रेकच्या सायकलींनी तिथे जपून उतरावे. उतरून झाल्यावर मामांच्या ब्रेकचे गट्टे हाताला चटका देत होते. पुढे प्रवरासंगमला प्रवरा आणि गोदावरी भेटतात. जायकवाडीच्या फुगवट्याचे पाणी दूरवर पसरलेले. आदल्या दिवशीच्या कोरड्या घशाने ते पाणी पाहताना पूल ओलांडायला आम्हाला अर्धा तास लागला. या पट्ट्यात साखर कारखान्यांच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर चालतात. मागे दिवा नाही, ऊस बाहेर आलेला. ज्यांना असा प्रवास करायचा असेल त्यांना आमचे कळकळीचे सांगणे आहे की अंधार पडल्यावर सायकल चालवू नये. आम्ही वाळूजच्या कारखान्यांपाशी दिवस मावळताना पोहोचलो आणि तिथून पुढचे अंतर सायकली हातात धरून, रस्त्याच्या कडेने चालून काढले.

खर्चाचे विचारतात म्हणून सांगतो. खाणे, चहा, पंक्चर आणि दोन रात्रीचा मुक्काम मिळून माणशी आठशे रुपयांच्या आत झाले. मुक्काम एकदा बुद्धविहारात, एकदा ओळखीच्यांकडे. बरोबर दोन जादा ट्यूब, पंप, सोल्युशन, पाने, चेनचे तेल, भाकरी-ठेचा, लिंबू-मीठ-साखर आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी. पाणी तीन लिटर हवे होते.

शहरात नातेवाइकांकडे उतरलो. तीन दिवसांची धूळ अंगावर, पण त्या घरी नळाला पाच दिवसांआड पाणी येत होते. माणशी एक बादली मिळाली. वहिनींनी दिलेल्या त्या बादलीत किती मन होते ते आम्ही जाणतो. दुसऱ्या दिवशी पाहायला निघालो तेव्हा डोक्यात पाणीच होते, म्हणून आधी पाणचक्की गाठली.

मलिक अंबराने शहर वसवताना पहिल्यांदा पाण्याची सोय केली. उत्तरेकडच्या डोंगरांतून जमिनीखालून बांधीव नहर आणली. तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. ना मोट, ना रहाट. जमिनीचा उतार धरून झिरपलेले पाणी आपोआप गावात येई आणि नहर साफ करायला ठिकठिकाणी माणूस उतरेल अशी भोके ठेवलेली. पाणचक्की त्यानंतरची, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याची, तिची नहर वेगळी, पण युक्ती तीच. डोंगरातून आलेले पाणी भिंतीतून वर चढते आणि उंचावरून हौदात पडते. पंपाशिवाय पाणी वर कसे चढते हे भाचीने विचारले. गॅरेजवाल्याने तिला पेट्रोल काढायच्या नळीचे उदाहरण देऊन सांगितले, की पाणी ज्या उंचीवरून निघाले असेल जवळजवळ तेवढे ते पुन्हा चढते. त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि वाटसरू, फकिरांसाठी पीठ दळले जाई. मोठ्या हौदाच्या तळाखाली दालन आहे. उन्हात होरपळून आलेल्याने तिथे बसावे.

तिथून भडकल दरवाजा. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबराने तो 1612 मध्ये बांधला. त्याच चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे. आम्ही अभिवादन केले. मामांनी सायकल स्टँडला लावून एकदा दरवाजाकडे पाहिले, एकदा पुतळ्याकडे.

बीबी का मकबरा बघायला गर्दी असते. गाइड त्याला गरिबांचा ताजमहाल म्हणतात. आम्हाला ते नाव मुळीच आवडले नाही. बादशहाच्या बेगमेची कबर गरिबांची कशी? औरंगजेबाची बेगम दिलरस बानू 1657 मध्ये वारली आणि मुलगा आझमशहाने आईसाठी हे बांधकाम करवले. संगमरवर खालच्या भागाला आणि घुमटाला, बाकी चुन्याचा गिलावा. पण तो गिलावा असा गुळगुळीत, की वस्तीतल्या कुठल्याही गवंड्याने हात फिरवून पाहावा असे वाटेल. खरे पाहण्यासारखे प्रवेशद्वारावर आहे. बांधणारे अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावे तिथे कोरलेली आहेत. बांधणाऱ्यांची नावे ठेवण्याची पद्धत आपल्याकडे फार दुर्मीळ.

मकबऱ्यामागे डोंगरात औरंगाबादच्या बौद्ध लेणी. अजिंठा-वेरूळच्या नावाखाली या झाकल्या जातात, म्हणून इथे शांतता मिळते. पायऱ्या चढून आधी पश्चिमेकडचा गट. तिसऱ्या लेण्यात तथागतांपुढे गुडघे टेकून बसलेले उपासक-उपासिका, माणसाएवढे, प्रत्येकाची केशरचना निराळी. चौथे चैत्यगृह, सर्वांत जुने. पूर्वेच्या गटातले सातवे लेणे मात्र चुकवू नये. दाराशी अवलोकितेश्वराची मोठी मूर्ती आहे आणि दोन्ही बाजूंना माणसावर येणारी आठ संकटे दाखवली आहेत. आग, तलवार घेतलेला शत्रू, बेड्या, बुडणारे जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मरण. हा डोंगर जुन्या व्यापारी वाटांच्या जवळचा. वाटसरूंना ज्यांची भीती वाटे तेच इथे दगडात कोरले. गॅरेजवाला म्हणाला, नववी उसाची ट्रॉली टाकायला हवी होती. आम्ही सर्वांनी त्रिसरण-पंचशील म्हटले. गाभाऱ्यात आवाज घुमतो.

परतताना विद्यापीठाची कमान आणि नागसेनवन. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मिलिंद महाविद्यालय बाबासाहेबांनी मराठवाड्यातल्या गरिबांच्या मुलांसाठी येथे उभारले. विद्यापीठाचा नामविस्तार 14 जानेवारी 1994 चा. त्यासाठी काय सोसावे लागले ते या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. भाचीने प्रवेशाची चौकशी केली. आजीला हे अजून सांगितलेले नाही.

शेवटच्या दिवशी खुलदाबाद. दौलताबादच्या पुढचा घाट सायकली ढकलतच चढावा लागला. तिथे लोक दुसऱ्या कबरींकडे जातात. मलिक अंबराचा मकबरा जरा बाजूला, शांत. तो 1626 मध्ये वारला. भाचीने वहीत काढलेला हिशोब मामांना वाचून दाखवला. त्याचा जन्म सुमारे 1548 चा आणि शहर वसवले 1610 मध्ये, म्हणजे तेव्हा त्याचे वय साठीच्या पुढे गेलेले.

"बासष्ट," मामा म्हणाले. "म्हणजे रिटायर होऊन दोन वर्षं." मग खाली बसून त्यांनी मागच्या टायरची हवा दाबून पाहिली आणि पंप मागितला.