गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका

गेल्या हिवाळ्यात दारव्ह्याकडची एक पंचेचाळीस वर्षांची बाई दवाखान्यात आली. स्तनात सुपारीएवढी गाठ. "दुखत नाही न जी डाक्टरसाहेब, म्हणून कापूस वेचून होऊ देला," ती म्हणाली. तीन महिने गेले होते. सोबतच्या मुलाने सांगितले, "सुई नका लावू, त्यानं पसरते म्हणतात. नवीन एमआरआय निघाला आहे, तोच करू."

मुलाने ऐकलेला एमआरआय म्हणजे 'डिफ्यूजन एमआरआय'. यात क्ष-किरण नसतात, चुंबकाचा उपयोग होतो. आपल्या शरीरातील पाण्याचे सूक्ष्म कण सतत हलत असतात. मोकळ्या मैदानात माणूस हवा तसा हिंडतो, पोळ्याच्या गर्दीत मात्र त्याला जागचे हलता येत नाही. कॅन्सरच्या गाठीत पेशींची अशीच दाटी असते, म्हणून तिथे पाण्याची हालचाल मंदावते. यंत्र ती मोजते. या भागासाठी औषधाचे इंजेक्शनही लागत नाही. साध्या गाठीत ही हालचाल बहुधा जास्त आढळते.

अमेरिकेतील दहा संस्थांच्या 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या मोजमापाची जोड दिल्यास सुमारे एक पंचमांश अनावश्यक बायॉप्सी टाळता येतील असे दिसले. परंतु काही साध्या गाठीही दाट असतात आणि काही कॅन्सर पातळ, पाणीदार असतात. म्हणून संशयास्पद गाठीचा अंतिम निकाल सुईने काढलेला तुकडाच देतो. सुईमुळे कॅन्सर पसरून जीव जातो, हा समज खरा नाही.

महागड्या यंत्राआधी हाताची तपासणी महत्त्वाची. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने 1998 पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केलेल्या गटात, पन्नाशीपुढील स्त्रियांमधील स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. हा निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाला.

त्या बाईची सुईची तपासणी झाली. कॅन्सरच निघाला. नागपूरला ऑपरेशन झाले, उपचार चालू आहेत. ते तीन महिने मात्र परत मिळणार नाहीत.

तेव्हा भगिनींनो, गाठ, कातडीला खळी, बोंड आत ओढले जाणे किंवा त्यातून रक्त येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण ते ठरवण्याचे काम डॉक्टरांवर सोडा. वेचणी दोन दिवस थांबली तरी चालेल.